फाटक काढायचं नाय

आमच्या शेजारचे आबा दारात आलेल्या प्रत्येकाला, मग तो पोस्टमन असो की सख्खा भाऊ, उंबऱ्याबाहेर उभं करून नाव विचारतात. नाव सांगितलं की स्वतः चहा टाकतात. कर्जतजवळच्या रेल्वे फाटकावर ते गेटमन होते. फाटक जाऊन तिथं पूल झाला. आबा तसेच राहिले.

निवृत्तीनंतर त्यांनी कॉम्प्युटरवर लिनक्स ही प्रणाली बसवली. कारण एकच, त्यात पहारेकरी असतो. कुठल्या सॉफ्टवेअरनं कुठली फाईल उघडायची हे तो ठरवतो आणि कुणाला अडवलं की नोंद करतो. "वही लिवणारा माणूस हाय," आबा कौतुकानं सांगतात. पेपराआधी ती वही वाचतात.

नात सोनलचं लग्न ठरलं. तिला आजीचाच उखाणा घ्यायचा होता. आजी गेल्या, पण त्यांच्या आवाजातला उखाणा आबांच्या कॉम्प्युटरवर होता. घरातल्या सगळ्यांना तो मोबाईलवर ऐकता यावा म्हणून आबांनी सर्व्हर उभारला, फाईल त्यात हलवली आणि पहारेकऱ्यानं ती अडवली. लग्न दुसऱ्या दिवशी.

कडावचे जावई म्हणाले, पहारा बंद करा, एका ओळीचं काम आहे. आबांनी असं पाहिलं की जावई पाणी प्यायला आत गेले. मी सुचवलं, फाईल सरळ मोबाईलवर पाठवा.

"बंद फाटकाखालनं वाकून जाणारे तुमीच ना?" आबा म्हणाले. "फाटक काढायचं नाय. का अडवलं, ते इचारायचं."

दुपारी तीनला हसत बाहेर आले. फाईल कॉपी न करता हलवली, की ती जुन्या घरचीच चिठ्ठी लावून येते. नव्या घरचा पहारेकरी तिला ओळखत नाही.

"सोनल, नव्या नवरीला दारात कशाला अडवतात गं?"

"नाव घ्यायला, आबा."

"हिचं तेवढंच ऱ्हायलं व्हतं."

त्यांनी चिठ्ठी बदलली. सोनलच्या मोबाईलमधून आजी बोलल्या:

"आली आली गाडी, तिला घाटाची घाई,
दत्तारामांचं फाटक माझ्याबिगर उघडत नाई."

घर हसलं. आबा चष्मा पुसत राहिले.

सोनल सासरी गेली. आता सर्व्हर कशाला, असं मी विचारलं. आबांनी त्याची वही पुढं केली. रोज सकाळी सहाला तीच फाईल, एकच मोबाईल.

"सोनलचा?"

"नाय," म्हणाले, आणि आपला मोबाईल उचलून चहा टाकायला उठले.