सासऱ्यांच्या टाकीतलं कॅल्शियम

"मी बघतो." एवढे दोनच शब्द मी बोललो. ते बोललो नसतो तर आमच्या इमारतीतली चोवीस कुटुंबं आजही माझ्याशी जिन्यात नीट बोलली असती.

आमचे सासरे जहाजावर इंजिनिअर होते. निवृत्तीनंतर आमच्याकडे राहायला आले तेव्हा समुद्र मागे सोडून यावं एवढा समजूतदारपणा त्यांनी दाखवला नाही. त्यांनी तो चार फुटी काचेच्या टाकीत भरला आणि आमच्या हॉलमध्ये ठेवला. टाकीत दोन मासे, एक खेकडा आणि बाकी सगळी पोवळी. लांबून दगड वाटतात, पण जिवंत असतात. दगडासारखा एका जागी बसून राहणारा आणि तरीही जिवंत असलेला आमच्या घरात आणखी एक प्राणी आहे, असं बायको पाहुण्यांना सांगते. (मी हसतो. दुसरं काय करणार?)

तर सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि ते पाच आठवडे मोठ्या मेहुणीकडे जाणार होते. टाकीकडे कोण बघणार, हा प्रश्न निघाला. त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिचं शिवणकामाचं दुकान आहे, शाळांच्या गणवेशांची घाई चालू होती. ती काही बोलायच्या आत मी म्हणालो, "मी बघतो."

सासऱ्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. बारा वर्षांत त्यांनी मला एक नळ दुरुस्त करताना पाहिलं होतं. त्यानंतर प्लंबरलाही पाहिलं होतं.

"जावईबापू, मासे सांभाळणं सोपं असतं. पाणी सांभाळावं लागतं," ते म्हणाले. "खारेपणा बघायचा, आणि कॅल्शियम रोज मोजायचं. चारशे वीसच्या आसपास पाहिजे. पोवळी त्यावरच जगतात."

मग त्यांनी प्रात्यक्षिक दाखवलं. छोट्या बाटलीत टाकीतलं पाणी घेतलं, त्यात दोन औषधं घातली. "हे झालं गुलाबी." मग बारीक पिचकारीने तिसरं औषध थेंब थेंब सोडत गेले. "आता बघा. हे झालं निळं. निळं झालं की थांबायचं. पिचकारी जितकी रिकामी झाली तितकं कॅल्शियम. दिसलं ना?"

"दिसलं की," मी म्हणालो.

(खरं तर मला काहीच दिसलं नव्हतं. पण ते इतक्या खात्रीने थांबले होते की काहीतरी झालंच असणार. सासऱ्यांपुढे जावयाने शंका कशाला काढायची?)

ते गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टेबलावर स्वच्छ फडकं अंथरलं, चष्मा पुसला आणि थेंब सोडायला बसलो. पाणी काही बदलेना. वीस थेंब, चाळीस थेंब, पिचकारी संपली. तक्त्यात पाहिलं. पिचकारी संपली म्हणजे कॅल्शियम पाचशेच्या वर.

संध्याकाळी सासऱ्यांचा फोन आला. तब्येत विचारायच्या आधी त्यांनीच विचारलं, "आजचा आकडा?"

"चारशे वीस," मी म्हणालो. खोटं बोलायला याहून योग्य आकडा मला सुचला नसता.

मग मी शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "पाचशेच्या वर? पाणी बदला. अर्धं काढा, नवीन घाला." मी समुद्री मीठ कालवून बादल्या भरल्या. बाथरूममध्ये तीन, गॅलरीत दोन, स्वयंपाकघरात एक. बायको सकाळी घाईत एका बादलीतलं पाणी घेऊन तोंड धुवायला गेली आणि तशीच माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

पाणी बदललं. आकडा पाचशेच्या वरच. आणखी बदललं. तरी वरच. म्हणून मी स्वतःचं डोकं चालवलं आणि पाणी पातळ करायला मीठ न घातलेलं साधं शुद्ध पाणी टाकीत ओतलं. रोज थोडं थोडं, चांगले चार दिवस. पोवळ्यांनी हातपाय आत ओढून घेतले. खेकडा एका कोपऱ्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला.

"टाकी उदास दिसतेय हो," बायको म्हणाली. "मी एकदा तपासून बघू का?"

"हे शास्त्रीय काम आहे," मी म्हणालो. "तू मापं घे. कपड्यांची."

सहज म्हणून मी नळाचं पाणी तपासलं. पाचशेच्या वर. फिल्टरचं तपासलं. पाचशेच्या वर. ऑफिसात बाटली घेऊन गेलो आणि कूलरचं पाणी तपासलं. तेही पाचशेच्या वर. कुठल्याही साध्या माणसाला इथे आपल्या हातांचा संशय आला असता. मला शहराच्या पाणीपुरवठ्याचा आला.

मी पाणीखात्याला अर्ज लिहिला. सोबत दोन आलेख जोडले. दोन्ही आलेखांत एक सरळ आडवी रेघ होती, पण फार भयानक दिसत होती. एक प्रत सोसायटीच्या फलकावर लावली. त्यानंतर इमारतीत कॅल्शियमशिवाय दुसरा विषय राहिला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त मास्तरांचे गुडघे त्याच्यामुळेच धरले होते. समोरच्या काकूंचे केस त्याच्यामुळेच गळत होते. तळमजल्यावरच्या वकिलांचा मुलगा गणितात नापास झाला होता, तेही पाण्यातलंच निघालं. सेक्रेटरी मला जिन्यात थांबवून हात हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "तुमच्यासारखी जागरूक माणसं हवीत." बारा वर्षांत पहिल्यांदाच बायकोने माझ्याकडे जरा वेगळ्या नजरेने पाहिलं. मला ती कौतुकाची वाटली.

रविवारी सकाळी पाणीखात्याच्या इंजिनिअर बाई स्वतः आल्या. पन्नाशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्यामागून सेक्रेटरी, मास्तर, काकू, वकील आणि ज्यांना ज्यांना सुट्टी होती ते सगळे आमच्या हॉलमध्ये शिरले.

"करून दाखवा," बाई म्हणाल्या.

मी नळाचं पाणी घेतलं, दोन औषधं घातली, बाटली सर्वांना दाखवली. "आता हे गुलाबी आहे. मी थेंब सोडतो. निळं झालं की थांबायचं."

एक थेंब. दोन. तीन. चार.

"झालं," बाई म्हणाल्या.

मी पाचवा सोडला.

"अहो, झालं की निळं," काकू म्हणाल्या.

"कुठे झालं?" मी सहावा सोडला. "अजून तसंच आहे."

"निळंशार झालंय," मास्तर म्हणाले.

मी हसलो. अडाणी लोकांपुढे तज्ज्ञ हसतो तसा. "मास्तर, घाई करू नका. पिचकारी रिकामी झाल्याशिवाय ते होत नाही. माझा दोन आठवड्यांचा अनुभव आहे."

बायको पुढे आली. तिने माझ्या हातातली पिचकारी काढून घेतली आणि खिडकीकडे बोट केलं.

"हे पडदे कुठल्या रंगाचे आहेत?"

"निळे," मी म्हणालो.

"आणि त्या खुर्चीची उशी?"

"पडद्यांसारखीच. मॅचिंग."

तिने एकदा डोळे मिटले. पडदे गुलाबी होते. उशी निळी होती. दोन्ही तिनेच शिवली होती.

"म्हणजे बारा वर्षं तुम्ही दुकानासाठी भलत्याच रंगाचा दोरा आणत होतात ते..." ती थांबली. तिचा आवाज उतरला. "मला वाटायचं मुद्दाम करता. परत काम सांगू नये म्हणून."

मला त्या क्षणी रडू आलं असतं, पण चोवीस कुटुंबांसमोर बरं दिसलं नसतं. आणि खरं सांगायचं तर तिच्या चेहऱ्यावरही थोडं दुःखच होतं. बारा वर्षं जपलेलं भांडण एका मिनिटात हातचं गेलं होतं.

इंजिनिअर बाईंनी अर्ज निकाली काढला. जाताना त्यांनी टाकीत बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि म्हणाल्या, "कॅल्शियम राहू द्या, आधी मीठ घाला. हळूहळू, चार-पाच दिवसांत. हे समुद्राचं पाणी नाही, बेचव आमटी आहे."

त्या दिवसापासून टाकी बायकोने हातात घेतली. दुकान बंद करून आली की ती थेंब मोजायची. तिचा आकडा पहिल्या दिवशी दोनशे नव्वद आला. तो वर चढायला तीन आठवडे लागले. एक पोवळं गेलं, बाकीच्यांनी एकेक करत अंग बाहेर काढलं. सासरे काठी टेकत आले ते थेट टाकीपुढे जाऊन उभे राहिले. लेकीने त्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता. त्यांनी गेलेल्या पोवळ्याची रिकामी जागा बराच वेळ पाहिली.

"जहाजावर आम्ही डोळे तपासल्याशिवाय कोणाला चढू देत नव्हतो," ते एवढंच म्हणाले. "घरात जावई घेताना मात्र राहून गेलं."

मी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ठिपक्याठिपक्यांचं एक पुस्तक पुढे केलं आणि आकडे वाचायला सांगितले. मला फक्त ठिपके दिसले. त्यांनी रंगांधळेपणाचा रीतसर दाखला लिहून दिला. तो घेऊन मी दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर उभा राहिलो. आमची कंपनी घरांना लावायचे रंग तयार करते. पुस्तिकेत दाखवला तो रंग भिंतीवर आला नाही अशी तक्रार आली, की भिंतीचा पोपडा पुस्तिकेशेजारी धरून बघायचा आणि उत्तर लिहायचं, हे माझं काम. 'तपासणीअंती दोन्ही रंग तंतोतंत जुळत असल्याचे आढळले.' अठरा वर्षांत मी एकही तक्रार मान्य केलेली नाही. कंपनीने त्याबद्दल मला दोनदा घड्याळ दिलंय.

साहेबांनी दाखला वाचला, घडी घातली आणि मला परत दिला.

"कोणाला दाखवलात का?"

"नाही, साहेब."

"मग दाखवू नका. जा, कामाला लागा."

"पण साहेब, तुम्हाला धक्का नाही बसला?"

"तुम्ही मुलाखतीला आलात तेव्हा मी तुम्हाला टेबलावरची हिरवी फाईल द्यायला सांगितलं होतं," साहेब म्हणाले. "तुम्ही लाल दिलीत. बाकीच्या नऊ उमेदवारांनी हिरवी दिली. त्यांना घेऊन आम्ही काय करणार होतो?"