मागे पडायची सोय

डॉक्टरांचा उजवा हात गिअर बदलायला खाली गेला की सायकल क्लबातले उरलेसुरले लोकही त्यांच्या पुढे निघून जात. दर रविवारी, शहराबाहेरच्या पहिल्याच चढावर हे होई. डॉक्टरांची सायकल पोलादी, शर्यतीची आणि त्यांच्या तरुणपणची. तिच्या गिअरचे दोन चिमुकले दांडे हँडलवर नव्हते. ते खाली, हँडलाकडून पायडलकडे तिरक्या उतरणाऱ्या नळीवर होते. म्हणजे चढ लागला की एक हात सोडायचा, वाकायचं, दांडा चाचपायचा, अंदाजाने ओढायचा, साखळी कुरकुरली तर जरासा मागे ढकलायचा आणि मग मान वर करायची. मान वर केली की समोरचा रस्ता रिकामा असे.

शेजारी मात्र शेपूटराव असत. कुणी दमलं, कुणाचं पंक्चर झालं, तर त्याला सांभाळून आणायला क्लबाने एक माणूस कायम शेवटी ठेवला होता. कप्तानाने या पदाला काहीतरी भारदस्त नाव दिलं होतं, पण ते त्याच्याशिवाय कुणाच्या लक्षात राहिलं नाही. सगळे शेपूटच म्हणत. मागे पडणारे नेमाने डॉक्टरच असल्यामुळे या दोघांची जोडी जमून गेली होती. शेपूटराव लिफ्ट दुरुस्त करत. आठवडाभर उंच इमारतींच्या पोटात, अंधारात, एकट्याने तारांशी झटापट करायची, हे त्यांचं काम.

डॉक्टर दातांचे, आणि आता निवृत्त. आयुष्यभर त्यांनी मनसोक्त गप्पा मारल्या त्या तोंड उघडून पडलेल्या, आणि म्हणूनच उत्तर देऊ न शकणाऱ्या माणसांशी. दवाखाना बंद केला तशी ही हक्काची मंडळीही गेली. रोग्याची खुर्ची तेवढी त्यांनी घरी आणून बाहेरच्या खोलीत मांडली. बायको गेल्यापासून त्या घरात बसायला कुणी येत नव्हतं, तेव्हा डॉक्टर स्वतःच तिच्यात आडवे होऊन टीव्ही बघत. सोमवार ते शनिवार ते जे काही बोलत ते भाजीवाल्याशी आणि टीव्हीशी. त्यातल्या त्यात टीव्ही बरा, तो घाईत नसे.

त्यामुळे रविवारचा तो चढ म्हणजे डॉक्टरांचा आठवडा होता.

"अडकलेल्या लिफ्टमधला माणूस आधी शिव्या देतो," शेपूटराव सांगत. "मग देवाला हाका मारतो. मग माझ्याशी बोलायला लागतो. बायकोचं, पोरांचं, सगळं सांगतो. आणि दार उघडलं की ओळखही दाखवत नाही."

"अगदी आमच्यासारखंच हो!" डॉक्टर खूश होत. "दाढ निघेपर्यंत माझा हात सोडत नाहीत आणि नंतर रस्त्यात भेटले की तोंड मिटून पलीकडून जातात."

सगळं असं सुरळीत चाललेलं असताना एका रविवारी चहाच्या टपरीमागे डॉक्टरांच्या कानावर नको ते पडलं. कप्तान शेपूटरावांना म्हणत होता, "तुझीच दर वेळी रखडपट्टी होते रे. डॉक्टरांच्या पायी तुला कधी पळवताच येत नाही."

"आता काय करणार," शेपूटराव म्हणाले. "कुणीतरी मागे राहायलाच हवं."

डॉक्टरांचा चहा कपातच राहिला. त्यांना फार वाईट वाटलं. आपण ज्याला मैत्री समजत होतो ती त्या बिचाऱ्याची ड्यूटी होती. आठवड्यातून एकदा तो माणूस अंधारातून बाहेर येतो आणि आपण त्याला दाढांच्या गोष्टी ऐकवतो! परतताना ते पहिल्यांदाच गप्प राहिले. शेपूटरावांनी दोनदा "बरं नाही का?" असं विचारलं, आणि डॉक्टरांना तीही ड्यूटीच वाटली.

उपाय कप्तानाकडे तयार होता. कप्तानाकडे तो नेहमीच असे. "गिअर हँडलवर आणा, डॉक्टर. हल्ली ब्रेक आणि गिअर एकाच दांड्यात येतात. हात सोडायचं काम नाही."

सायकलच्या दुकानाची मालकीण तरतरीत बाई होती. तिने नवे दांडे डॉक्टरांच्या हातात दिले. "ओढला की ब्रेक, आत ढकलला की गिअर. खट् झालं की समजायचं, बदलला."

"वा! टाका बसवून."

"बसवते. पण काका, यात खटके अकरा आहेत आणि तुमच्या मागच्या चाकाला चक्र्या सहाच."

"मग वरचे पाच खटके मी वापरणार नाही. शपथ."

"शपथेवर नाही चालत ते. याचा खटका लहान, तुमच्या चक्र्यांतलं अंतर मोठं. साखळी मधेच लोंबकळेल. अकरा चक्र्याच घ्याव्या लागतील."

अकरा चक्र्या घेतल्या. त्या जुन्या चाकावर मावेनात, म्हणून नवं चाक घेतलं. एकाला एक शोभावं म्हणून पुढचंही घेतलं. नवं मागचं चाक सायकलीत शिरेना, कारण त्याचा आस चार मिलिमीटर जास्त रुंद.

"फाकवावी लागेल," मालकीण सायकलीच्या मागच्या दोन नळ्यांकडे बघत म्हणाली. "पोलाद आहे, ऐकेल."

"म्हणजे माझंच काम की!" किती दिवसांनी डॉक्टरांच्या अंगात उत्साह संचारला. "आम्ही तार लावून दातांत जागा करतो तसं."

"किती वेळ लागतो तुम्हाला?"

"दीड-दोन वर्षं."

"मी जेवायच्या सुट्टीआधी करते," असं म्हणून तिने नळ्या फाकवल्यासुद्धा. मग कळलं, नवी चाकं जुन्यापेक्षा केसभर लहान आहेत आणि ब्रेकची रबरं रिमपर्यंत पोचतच नाहीत. नवे ब्रेक आले. नवे दांडे जुन्या वळणाच्या हँडलवर असे बसले की धरायला माणसाला तिसरं कोपर लागावं. नवं हँडल आणलं. ते मधोमध जाड, हँडल धरून ठेवणाऱ्या जुन्या पकडीत मावेना. पकड गेली. साखळी तर केव्हाच गेली होती. प्रत्येक वस्तू एकटीच आत यायला तयार नव्हती, आपले सगेसोयरे घेऊन येत होती. डॉक्टर रोज दुकानात जाऊन स्टुलावर बसत आणि खरं सांगायचं तर त्यांना तिथे बरं वाटे. पण मालकिणीला इतरही गिऱ्हाइकं होती.

मुलीचा दर रविवारी रात्री येणारा फोन आला तेव्हा त्यांनी सगळी हकिकत सांगितली.

"बाबा, मग नवीच सायकल का नाही घेत?"

"अगं, जुनीच आहे ती. फक्त गिअर बदलतोय."

"चाकं, ब्रेक, हँडल, साखळी... मग जुनं राहिलं काय?"

"सांगाडा," डॉक्टर म्हणाले. "आणि मी."

मुलगी हसली. "बाबा, दुसरा फोन येतोय, ठेवते हं. जेवा वेळेवर."

सायकल घरी आली. पहिल्या संध्याकाळी डॉक्टर गल्लीतून सरावाला निघाले. चढ आला तसा उजवा हात सवयीने खाली गेला, त्याला दांडा सापडला नाही, पँट सापडली आणि त्याने ती जोरात वर ओढली. समोरून येणाऱ्या बाईंनी मान फिरवली. तसं चार-पाच वेळा झालं, पण शेवटी हात शहाणा झाला. खट् केलं की गिअर पडत होता आणि डॉक्टर लहान मुलासारखे उगाचच खट्खट् करत होते. आता शेपूटरावांची सुटका होणार होती.

रविवारी चढ आला आणि डॉक्टर मागे पडले नाहीत. ते चक्क घोळक्याच्या मधोमध होते! इतक्या वर्षांत चढावर त्यांनी ही माणसं फक्त पाठीमागून पाहिली होती. आता तोंडं पाहिली. प्रत्येकाचं तोंड हँडलवरच्या, वेग दाखवणाऱ्या छोट्या पडद्याकडे होतं.

"काय सुरेख हवा आहे," डॉक्टर उजवीकडच्याला म्हणाले.

"हं," तो म्हणाला.

"तुमची वरची दाढ कशी आहे?" डॉक्टरांनी डावीकडच्याला विचारलं. ती त्यांनीच भरली होती.

"दम राखा, डॉक्टर," पुढून कप्तान ओरडला. "बोलण्यात हवा वाया जाते."

टपरीवर पोचल्यावर कप्तानाने जाहीर केलं, की क्लबाच्या इतिहासात आज प्रथमच कुणीही मागे पडलेलं नाही. टाळ्या झाल्या. "तेव्हा शेपटाचं पद आजपासून रद्द! तू मोकळा रे!" पुन्हा टाळ्या झाल्या. शेपूटराव डॉक्टरांच्या सायकलपाशी आले, नव्या दांड्यांवरून त्यांनी बोट फिरवलं आणि "छान झालं हो" एवढंच म्हणाले. डॉक्टरांना वाटलं, खूश दिसतोय. मग वाटलं, दिसत तर नाही.

पुढच्या रविवारी शेपूटराव आलेच नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. डॉक्टर घोळक्याच्या मधोमध, चारी बाजूंनी माणसं असताना, आयुष्यात कधी नव्हते इतके एकटे सायकल चालवत होते. शेवटी त्यांनी क्लबाच्या ग्रुपवरून नंबर शोधला आणि फोन लावला.

"तब्येत वगैरे बरी आहे ना, शेपूटराव?"

"बरी आहे की." पलीकडे आवाज घुमत होता. बहुधा ते कुठल्याशा लिफ्टच्या तळाशी होते. "त्या घोळक्यात माझं काय काम, डॉक्टर? तिथे कोण कुणाशी बोलतं?" मग म्हणाले, "मागे कुणी पडलं तर कळवा. येईन."

डॉक्टर खुर्चीत आडवे झाले. टीव्ही लावायचं विसरले. कुणीतरी मागे राहायलाच हवं, हे वाक्य त्यांनी मनात चार वेळा म्हणून पाहिलं. आता ते ड्यूटीसारखं वाटेना.

मागे पडणं सोपं असेल, असा त्यांचा समज होता. रविवारी त्यांनी मुद्दाम पाय संथ केले. कप्तानाच्या ते ताबडतोब लक्षात आलं. "कुणाला सोडून जायचं नाही!" अशी आरोळी ठोकून तो स्वतः मागे आला, त्याने डॉक्टरांच्या पाठीवर तळवा टेकवला आणि त्यांना चढभर ढकलत नेलं. ढकलताना हृदयाचे ठोके आणि त्यांचं नियोजन यावर व्याख्यानही दिलं. डॉक्टर सगळ्यांच्या आधी टपरीवर पोचले.

म्हणजे दोष माणसात असून भागणार नव्हतं. तो सायकलीत हवा होता. जुन्या दांड्यांत बिघडण्यासारखं काही नव्हतंच, पण या नव्या खटक्यांचं सगळं शहाणपण तारेच्या ताणावर होतं, हे डॉक्टरांनी स्टुलावर बसून ऐकलं होतं. तिरक्या नळीवर, पूर्वी दांडे होते तिथेच, ताण कमीजास्त करायचा एक छोटा गोल पेच होता. तो बोटांनी हलेना. घरात पक्कड नव्हती. होता तो दात उपटायचा चिमटा. डॉक्टरांनी सायकल खुर्चीला टेकवून उभी केली, "दुखणार नाही हं," असं सवयीने म्हणाले आणि पेच फिरवला.

रविवारी चढावर सायकलीने असा खडखडाट मांडला की लोकांनी पडद्यावरून नजरा काढल्या. खट् केलं की साखळी मोठ्या चक्रीवर चढायला निघे, अर्ध्यात विचार बदले आणि तिथेच कटकट करत बसे. कप्तान कासावीस झाला. साखळीला ढकलता येत नाही आणि व्याख्यानही देता येत नाही. दुपारी ग्रुपवर त्याचा संदेश आला: डॉक्टरांच्या सायकलीमुळे क्लबाचा वेग घसरला आहे, पुढच्या वेळी शेपूट हवा.

शेपूटराव आले. ठरल्या वेळेच्या आधीच आले होते. चढ लागला, खडखडाट सुरू झाला, घोळका वळणाआड दिसेनासा झाला.

"थांबा, बघू," शेपूटराव म्हणाले.

ते रस्त्याच्या कडेला गुडघ्यावर बसले. दोन बोटांत तार धरून त्यांनी ती हलकेच दाबली. मग नजर पेचावर गेली आणि तिथेच राहिली. पेचाच्या दोन्ही अंगांना बारीक दात उमटले होते, आणि सायकलीच्या कुठल्याही हत्याराला असे दात नसतात.

"तार आपोआप सैल झाली का हो?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"झाली असेल," डॉक्टर म्हणाले. त्यांच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. "नवी आहे ना. ताणली जाते म्हणे."

"ताणली जाते खरी." शेपूटरावांनी खिशातून छोटी पक्कड काढली, पेचावर लावली आणि दोन आटे फिरवली. "आता बघा."

डॉक्टर सायकलीवर बसले. पायडल मारलं, खट् केलं. आता साखळी चक्रीवर चढायचा विचारसुद्धा करेना. आवाज तर असा, की झाडावरचे पक्षी उडाले.

"शेपूटराव, हे तर आणखी बिघडलं."

"हो," शेपूटराव पक्कड खिशात ठेवत म्हणाले.

वरच्या वळणावरून कप्तानाची हाक आली, "झालं का रे दुरुस्त?"

"नाही!" शेपूटरावांनी दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडून सांगितलं. "वेळ लागेल! तुम्ही व्हा पुढे!"