लोखंडी पारव्यांचा चौथा सरदार सापडला त्याची हकीकत

॥ श्री ॥

ज्याचे कान सुपाएवढे आणि जगातला बारीकसा नादही ज्याचे कानातून निसटत नाही, त्या गजाननास आधी वंदन. वाचणारांचे कान शाबूत राहोत. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, पौष मासी, "ताई, तुम्ही स्टेजवर उभ्या असता, पण नक्की करता काय?" ऐसा सवाल आम्ही आवडत्या बँडचे कार्यक्रमात, भरल्या सभागृहात माइक हाती धरून पुसिला, आणि तमाम सभा हसली. सवाल आमचे मनीचा नव्हता. सख्यांनी तो विडा मांडिला होता, आणि विडा म्हणजे पानसुपारी नव्हे, चिंचेची गोळी, ती खुर्चीच्या हातावर ठेवून शर्वाणी बोलिली, "दम असेल तर विचार तिलाच. चौथीने चौथीला विचारायचं!" आणि केतकी व झेबा तोंडावर ओढणी धरून खिदळल्या, मग आम्ही विडा उचलिला, कारण न उचलावा तर भित्री ठरावे.

आता ही चौथी कोण, ते सांगणे प्राप्त. लोखंडी पारवे या नावाचा रॉक बँड, त्यात सरदार चौघे. एक गातो, एक गिटार वाजवितो, एक ड्रमवर तुटून पडतो, आणि चौथ्या दमयंती घोलप, ज्या चार जाड तारांची लांब मानेची गिटार गळ्यात घालून मागे उभ्या राहतात. आम्ही पाचवीपासून या पारव्यांचे निस्सीम सेवक. कपाटाचे दाराआतून त्यांचा फोटो, ओठांवर त्यांची गाणी, आणि ऐकणे मातोश्रींचे जुने फोनवर, ज्याचा स्पीकर मसुरीचे दाण्याएवढा; इयरफोन आहेत, पण एक कान मेलेला. सबब इतक्या वर्षांत ताईंचा एक सूर आम्हांस ऐकू आला नव्हता, आणि खरे सांगावे तर आम्हांसही वाटे की त्या फोटोस शोभा म्हणून उभ्या आहेत. आणि शाळेत आमचीही एक फौज. शर्वाणी गाते, केतकी गिटार वाजविते, झेबा ड्रम वाजविते, आणि चौथ्या आम्ही, ज्यांस 'मॅनेजर' ऐसा किताब देऊन पाण्याच्या बाटल्या सांभाळण्यास दिल्या. यंदा गॅदरिंगला या तिघींनी पारव्यांचे 'गच्चीवरचे वाघ' हे गाणे म्हटले, आणि आम्ही पडद्याआड बाटल्या कवटाळून उभे. त्या गाण्यात मध्येच सगळे एकदम थांबतात, ऐसे आम्ही चौघीही फोनवर ऐकून जाणत होतो. मग तिघी तेथे थांबल्या, एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या, आणि लोकांस वाटले गाणे संपले. टाळ्या पडल्या, मुख्याध्यापक आभार मानण्यास माइकपाशी आले, आणि झेबाने घाबरून ड्रम बडविला तेव्हा ते दचकून मागे सरले. नंतर संगीताचे सर बोलिले, "छान गं पोरींनो, पण काहीतरी पोकळ वाटतंय." त्या दिवसापासून तिघी आम्हांस 'चौथी' म्हणू लागल्या. त्या हसत म्हणत, आम्ही हसत ऐकत असू, आणि घरी येऊन उशीत तोंड खुपसत असू.

असो. सवाल पुसिल्यावर सभा हसली, पण दमयंतीताई हसल्या नाहीत. त्या स्टेजच्या कडेला आल्या, उकिडव्या बसल्या आणि बोलिल्या, "तू आमची गाणी कशावर ऐकतेस?" आम्ही बोलिलो, "फोनवर." "इयरफोन लावून?" "एकच चालू आहे." सभा पुन्हा हसली. ताई बोलिल्या, "मग मी तुझ्यापर्यंत पोचलेच नाही अजून. कुठूनतरी चांगले स्पीकर मिळव, 'गच्चीवरचे वाघ' लाव, आणि मग तूच सांग मी काय करते. सांगशील?" "सांगेन" ऐसे वचन आम्ही भरसभेत दिधले. विड्याची गोळी आता आमची जाहली. ती आम्ही न खाता खिशात ठेविली, आणि मनात निश्चय केला की ताईंचे काम काय ते शोधून काढल्यावाचून गोळी तोंडात घालणे नाही.

आता आमचे राज्याची स्थिती. राज्याचे नाव लिहिण्याचे कारण नाही. तिसरे मजल्यावर आहे, पूर्वेस गॅलरी, पश्चिमेस शेजाऱ्यांची भिंत, मुलूख लहान, परंतु हॉल म्हणून जो प्रांत, त्यावर मातोश्रींचा एकछत्री अंमल. तेथे उशीदेखील त्यांचे आज्ञेवाचून कूस पालटत नाही. जेवतेसमयी आम्ही तीर्थरूपांस पुसिले, "बाबा, आपल्याकडे चांगले स्पीकर का नाहीत?" तो तीर्थरूपांचा घास हातातच राहिला, आणि त्यांनी मातोश्रींकडे पाहिले, आणि मातोश्रींनी कोपऱ्यातले मनीप्लांटकडे पाहिले, आणि आम्ही ताडिले की येथे काही कारस्थान दडले आहे. "बाबा?" "अगं, आहेत ना," ऐसे म्हणून तीर्थरूप उठले, मनीप्लांटची कुंडी उचलून खाली ठेविली, तिचे खालचे भरतकामाचे कापड ओढिले, आणि आमचे गुडघ्याहून उंच ऐसा लाकडी स्पीकर प्रकट जाहला! जन्मापासून आम्ही त्यास स्टूल समजत होतो. त्याचा जोडीदार माळ्यावर गणपतीचे मखराआड, आणि अँप्लिफायर रजईचे खोक्यात. तीर्थरूपांनी लग्नाआधी हौसेने घेतलेले हे लष्कर. "मग बंद कोणी केले?" ऐसे आम्ही तावाने पुसिले, तेव्हा मातोश्री बोलिल्या, "तू! तान्ही होतीस. हे ढम् झालं की तू किंचाळून उठायचीस. म्हटलं, एक तर पोरगी झोपेल नाहीतर हे वाजेल." तीर्थरूप ताटाकडे बघत बोलिले, "आणि पोरगी झोपली." हे ऐकून, स्पीकर वाजविलाच पाहिजे याची आता दोन कारणे जाहली.

मग तह ठरला. मातोश्री बोलिल्या, "रविवारी रथसप्तमी. संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका येणार. तोवर काय तो धुडगूस घाला. बायका यायच्या आत माझा हॉल मला परत. आणि वाजले नाहीत, तर दोन्ही डबडी भंगारात. पुन्हा माळ्यावर नाहीत. किती वर्षं धूळ पुसायची मी?" तीर्थरूप छाती काढून बोलिले, "अगं, कॉलेजात मी डोळे मिटून जोडायचो हे." मग रविवारी जेवणे उरकताच मोहीम निघाली. तीर्थरूप शिडीवर, आम्ही खाली, मखर उतरले, मखरातून झुरळ उतरले, आम्ही किंचाळलो, मग स्पीकर उतरला. एकाची वायर लाल-काळी, जशीच्या तशी. दुसऱ्याची वायर गायब. चौकशी करिता मातोश्री शांतपणे वदल्या, "ती मी आकाशकंदिलाला वापरली. मग कंदील फाटला, तो वायरीसकट फेकला." मग आणखी एका जुन्या कंदिलाची पांढरी वायर शोधून तीच दुसऱ्या स्पीकरास लाविली, फोन अँप्लिफायरास जोडिला, हिरवा दिवा लागला, तीर्थरूपांचे डोळे त्या दिव्याहून अधिक चमकले, आणि आम्ही 'गच्चीवरचे वाघ' लाविले.

आवाज मोठा जाहला, आणि गिटारीची तार न तार निराळी ऐकू आली, आणि गाणारा श्वास घेतो तोही ऐकू आला, आणि आम्ही सोफ्यावर उडी मारिली! परंतु खाली, पोटात, काही नाही. गाणे हॉलभर धुक्याप्रमाणे पसरले होते, पण त्यास पाय नव्हते. मग ती थांबण्याची जागा आली, सगळे थांबले, आणि तेथे पूर्वीप्रमाणेच शांतता. म्हणजे ताई खरोखरच काही करीत नाहीत की काय! म्हणजे चौथ्यास खरोखरच काम नसते! आम्ही सोफ्यावरून उतरलो. तीर्थरूपांनी एक बटण फिरविले, दुसरे फिरविले, कान लाविला, आणि चेहरा इतकासा करून बोलिले, "म्हातारे झाले गं स्पीकर. पूर्वी छातीत धडकायचे." आतून मातोश्री ओरडल्या, "झालं का? बायका येतील!" शोकेसवर वाण लुटण्याच्या स्टीलच्या वाट्या रचून तयार होत्या, तिळगुळाचे डबे भरले होते. मग तीर्थरूपांनी निमूट आवराआवर आरंभिली, आणि गाणे चालूच असता पांढरी वायर मागून उपटली.

आणि ढम्.

एकच स्पीकर उरला, आणि त्यातून काहीतरी जाड, गोल, ऊबदार ऐसे बाहेर आले आणि फरशीवरून आमचे तळपायांत शिरले. आम्ही ओरडलो, "बाबा, थांबा! हात लावू नका!" तीर्थरूप वायर हाती धरून पुतळा जाहले. "बाबा, दोन होते तेव्हा हे नव्हतं. एक काढला तर आलं. असं कसं?" "खरंच की," ऐसे तीर्थरूप बोलिले, परंतु त्यांस उमगेना. आम्ही स्पीकरचे जाळीवर बोटे ठेविली तो आतील पडदा पुढे-मागे हलताना लागला, आणि आमचे डोक्यात लख्ख प्रकाश पडला. "बाबा! हा पुढे ढकलतोय तेव्हा तो मागे ओढत होता! दोघं मिळून ताईंचा आवाज खात होते! तुम्ही वायर उलटी लावलीय!" तीर्थरूप दुखावून बोलिले, "मी? उलटी? कंदिलाची दोन्ही टोकं पांढरी आहेत, लाल-काळी असती तर मी चुकलोच नसतो!" मग आम्ही त्यांचे हातून वायर घेतली, टोकांची अदलाबदल आमचे हातांनी केली, पेच आवळिले, आणि गाणे पहिल्यापासून लाविले.

काय वर्णावे! पहिल्या घावासच शोकेसवरच्या वाट्या किणकिणू लागल्या. मातोश्री हळदीचे हात घेऊन धावत आल्या, "कोण आलं?" आणि आम्ही बोलिलो, "दमयंतीताई!" गाणारा वर उडत होता, गिटार डावीउजवीकडे सपासप फिरत होती, आणि खालून ताई सगळ्यांस पाठुंगळीस घेऊन चालत होत्या. जे गाणे आम्ही झोपेतही म्हणू, ते आम्हांस ठाऊकच नव्हते! मग ती थांबण्याची जागा आली. सगळे थांबले, आणि ताई थांबल्या नाहीत. एकट्या. काळोखातून कोणी जिना चढून गच्चीवर यावे तशा एकेक सूर टाकीत त्या वर आल्या, आणि शेवटच्या पायरीवर ड्रम येऊन मिळाला, आणि आमचे डोळ्यांतून घळाघळा पाणी. ती शांतता नव्हतीच. वाघ जिन्याने तेव्हाच येत होता, आणि आम्ही चौघी इतकी वर्षे त्या जागी गप्प बसत होतो. तीर्थरूप स्पीकरवर हात ठेवून उभे होते. तेही नाक ओढत होते, परंतु ते धुळीने, ऐसे त्यांनी सांगितले.

तत्क्षणी आम्ही शर्वाणीस फोन लाविला. "शर्वे, ऐक, ऐक, ऐकतेयस?" "काय ऐकू? नुसती खरखर येतेय." "ये मग इथे!" "येतेच आहे बाई, आईबरोबर हळदीकुंकवाला. ओरडतेस काय?" थोडक्याच वेळात बायकांची स्वारी जिन्यावर वाजू लागली, तो हॉलमध्ये वायरी, मखर, शिडी, आणि मनीप्लांट फरशीवर. मातोश्रींनी आमचेकडे ऐसे पाहिले की एरवी आमची गच्छंतीच होती. परंतु दार उघडले होते. आम्ही शर्वाणीस हात धरून ओढिले, स्पीकरपुढे मांडी घालून बसविले, आणि कोणाचीही परवानगी न पुसता गाणे लाविले. बायका कपाळी कुंकू, हाती तिळगूळ, ऐशा उभ्याच राहिल्या. ती जागा आली. ताई एकट्या जिना चढल्या, वाट्या किणकिणल्या, आणि शर्वाणीची आई छातीवर हात ठेवून बोलिली, "अगं बाई, इथे वाजतंय!" शर्वाणीने स्पीकरचे जाळीवर तळहात ठेविला. मग हळूच बोलिली, "आपण इथे गप्प उभ्या होतो." "हो." "सर म्हणाले पोकळ. ते हेच." "हेच." तिने आमचेकडे पाहिले, आणि या खेपेस ती हसली नाही. "हे कोण वाजवणार मग?" आम्ही खिशातून चिंचेची गोळी काढिली, कागद सोडविला, तोंडात टाकिली, आणि ती आंबटगोड लागली म्हणून सांगू!

मग आम्ही गाणे बंद केले आणि मातोश्री व तीर्थरूप यांसमोर भर बायकांत उभे राहिलो. मातोश्री दातांआडून पुटपुटल्या, "आता काय?" येणेप्रमाणे हकीकत: चौथा सरदार सापडला, तो हरवला नव्हताच. स्पीकर भंगारातून वाचले, वाण रीतसर लुटले, मनीप्लांटास नवे आसन शोधणे आहे, ताईंस उत्तर कळविणे आहे. आणि त्या दिवशी भरदरबारी आम्ही उभयतांस जे बोलिलो, ते शब्दशः ऐसे:

"आई, बाबा, नववीत गेल्यावर मला जो नवा फोन देणार आहात ना, तो नको. ताईंसारखी बेस गिटार द्या. मी शिकणार आहे. पुढच्या गॅदरिंगला त्या जिन्यावरून मी येणार, आणि पाण्याच्या बाटल्या ज्याच्या त्याने आणायच्या."