सर्वांत लांब मूळ

पाचवीला विज्ञान शिकवावं तर मीच, असं मी स्वतःच म्हणते, कारण दुसरं कोणी म्हणत नाही. आमच्या शाळेत मुळांचा धडा म्हणजे फळ्यावर एक झाड काढायचं, खाली चार वाकड्या रेघा ओढायच्या आणि 'मुळे झाडाला आधार देतात' हे पोरांकडून घोकून घ्यायचं. मला नाही पटत! मुळाला हात लावल्याशिवाय मूळ कळत नाही, असं मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांना ऐकवलं. त्यांनी चहा पिता पिता माना डोलावल्या.

मग वर्गात जाऊन जाहीर केलं, "उद्या प्रत्येकानं एकेक रोप मुळासकट आणायचं. ज्याचं मूळ सगळ्यांत लांब, त्याला बक्षीस."

माझ्या मनात होतं रस्त्याकडेचं गवत, फार तर कुंपणातलं तण. पण ते मनातच राहिलं. आणि एकदा बक्षीस म्हटल्यावर गवत कोण उपटतंय?

दुसऱ्या दिवशी माझ्या तासाला दारात पोचले तर वर्गात जंगल शिरलेलं. पपईचं झाड दोघांनी खांद्यावर घेतलं होतं, एक पुढे, एक मागे. एकानं बाबांची हिरवळ सतरंजीसारखी गुंडाळून आणली होती. आणि शेवटच्या बाकावर शाळेच्या फाटकाजवळचं रोप, नुकतंच पाहुण्यांच्या हस्ते लावलेलं, पाहुण्यांच्या नावाच्या पाटीसकट.

"अरे, पाटी कशाला आणलीस?"

"बाई, ती मुळात अडकली होती."

तेवढ्यात आमच्या मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, चिखलाच्या पावलांचा माग काढत दारात आल्या. त्यांनी पाटी वाचली. मग माझ्याकडे पाहिलं.

"हे काय चाललंय?"

"प्रात्यक्षिक, बाई."

"संपलं की फाटकाशी होतं तसं करून ठेवा. आणि खाली एक गृहस्थ हिरवळ मागायला आलेत, त्यांना भेटा."

मी कानकोंडी झाले. पण शहाण्या माणसानं तिथं थांबावं ना! मी थांबले नाही. एवढी नाचक्की झालीच आहे, तर निदान धडा तरी झोकात होऊ दे म्हटलं.

मुळं मोजली. पहिली आली चिमणी. ही आमच्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहते. वर्गात इतकी गप्प, की हजेरी घेताना मला दोनदा मान वर करावी लागते. तिनं ओल्या गोणपाटात गुंडाळून लिंबाचं रोप आणलं होतं. मूळ तिच्या हातापेक्षा लांब, आणि कुठंही तुटलेलं नाही. "बघा, याला म्हणतात काम," मी म्हटलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. चिमणी लाजून लाल झाली.

मग मला जोर चढला. मूळ बादलीत खळखळून धुतलं. "हे जाड, सरळ खाली गेलेलं ते सोटमूळ. हे झाडाला धरून ठेवतं. बाजूला फुटलीत ती उपमुळं. आणि त्यांच्या टोकांशी असतात केसासारखे मूलरोम. मातीतलं पाणी शोषतात ते हेच."

"बाई, आणि मूळ कापलं तर?" एकानं विचारलं.

"तर पाणी वर पोचायचं नाही. झाड सुकणार. आता आतून कसं दिसतं ते बघू."

मी ब्लेड काढलं. सोटमुळाच्या चकत्या केल्या, उपमुळं छाटून बाकाबाकावर वाटली, भिंग फिरवलं. वर्ग चिडीचूप. असा तास आयुष्यात घेतला नव्हता.

मग खोड दाखवायला रोप उंच धरलं आणि त्यावरची चिंधी दिसली. रोप वाऱ्यानं वाकू नये म्हणून काठीला बांधतात तशी. पिवळ्या फुलांची. आमच्या उशीच्या फाटक्या अभ्र्याची.

मी ब्लेड टेबलावर ठेवून दिलं.

माझ्या सासूबाईंच्या माहेरचं घर विकलं गेलं, तेव्हा दारातलं लिंबाचं झाड नव्या मालकानं तोडलं. त्याच्या शेवटच्या लिंबाची बी सासूबाईंनी आमच्या अंगणात लावली होती. यंदा त्याला पहिल्यांदा कळी धरली होती. रोज सकाळी त्या आधी तिच्याकडे बघत, मग माझ्याकडे.

"चिमणे, हे... आजींना न विचारता आणलंस?"

"नाही बाई. तुम्ही शाळेत निघाल्यावर मी विचारलं. आमच्याकडे माती नाही ना. आजी म्हणाल्या, बाईंना शिकवायला लागतंय तर ने. त्यांनीच खणून दिलं, मूळ दुखावू नये म्हणून लांबून. संध्याकाळी परत लावू म्हणाल्या."

धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. पण धरणी अर्धी वर्गात आणि अर्धी जिन्यावर सांडलेली. मी बाकाबाकावर जाऊन चकत्या गोळा केल्या आणि जेवणाच्या डब्यात भरल्या.

घरी पोचले तर सासूबाई अंगणात, खड्ड्याशी तांब्या घेऊन बसलेल्या.

"आलीस? आण लवकर, माती ओली आहे तोवर."

मी रोप पुढे केलं. मग डबा उघडला. खोटं बोलायला तोंडच उरलं नव्हतं. "आई, चुकलं माझं. मी ओळखलं नाही हो. मुलांसमोर मिरवायच्या नादात कापत सुटले."

त्यांनी डब्यात पाहिलं. एक चकती उचलली, बोटांत फिरवली. परत डब्यात ठेवली. ओरडल्या असत्या तर मी सुटले असते.

"मुलांना समजलं का पण?" शेवटी त्यांनी विचारलं.

"समजलं, आई."

"मग बरं झालं." त्यांनी ते बोडकं रोप खड्ड्यात उभं केलं, माती लोटली, पाणी घातलं. ते जगणार नाही हे मला ठाऊक होतं. नुकतंच सगळ्या वर्गाला मीच तर शिकवलं होतं.

पदराला हात पुसत त्या उठल्या. "आता पुढचा धडा कोणता?"

"फुलांचा," मी पुटपुटले.

अंगणातल्या उरलेल्या कुंड्या एकेक करून सासूबाईंनी आपल्या खोलीत नेल्या आणि आतून कडी लावून घेतली.