हिमायतनगरचा समुद्र

वाटाण्याएवढी कणकेची गोळी.

माझा दात घासायचा ब्रश. आता माझा राहिला नाही.

सरोजच्या माहेरून आलेली चादर, मोरांची.

समुद्र आंध्राकडे गेला.

गोगलगाय आळशी नसते, तिला फक्त घाई नसते.

तारामतीबाई चपला दाराबाहेर काढतात आणि डोक्यावर पदर घेतात.

या सगळ्यांचा एकमेकांशी संबंध आहे. ऐका!

राज्याचे आंध्र आणि तेलंगणा असे दोन भाग झाले तेव्हाची गोष्ट. आमच्या नामपल्लीच्या ऑफिसात कपाटं, पंखे, माणसं, सगळ्यांची वाटणी चालली होती. कोण इकडे राहणार, कोण तिकडे जाणार, ते आज कळणार, उद्या कळणार, असं रोज! समोरच्या टेबलावर अप्पाराव. त्यांचं घराणं समुद्रकाठच्या काकिनाड्याचं. चहा पिता पिता ते तेलुगू अदबीनं म्हणाले, "श्रीनिवास गारू, हैदराबाद तुम्हाला. पण समुद्र आमचा! तुमच्याकडे राहिलं काय? हुसेनसागर तलाव!"

सगळा सेक्शन फिदीफिदी हसला.

"समुद्र ना?" मी कप आपटला. "मी हिमायतनगरात, माझ्या घरात आणतो! पुढच्या महिन्यात जेवायला या. आरशासारखा समुद्र नाही दाखवला तर सगळ्या सेक्शनला माझी बिर्याणी!"

"आणि दाखवला तर माझी!" अप्पाराव म्हणाले. "पण समुद्र कसा असतो ते मी ठरवणार. तुम्ही कधी बघितलाय?"

मी बघितला नव्हता. म्हणून तर जास्त जोर आला!

टाकी आली. पोतंभर खास मीठ आलं, समुद्रातले दगड आले, पंप आला, दिवे आले. पाणी मुरल्यावर दोन मासे आले, नारंगी अंगावर पांढरे पट्टे. सरोजनं सगळं पाहिलं आणि विचारलं, "अहो, एवढ्या मिठात कैरीचं लोणचं किती झालं असतं?"

मी दुर्लक्ष केलं. थोर माणसांच्या घरी असंच बोलतात.

आधी वाळूवर तपकिरी साय धरली. मी पुसली. मग काच हिरवी झाली. मी माझ्या दातांच्या ब्रशनं घासली. मग दगडांना दाढ्या आल्या! लांब, हिरव्या, पाण्याबरोबर डुलणाऱ्या! टाकीत दोन मासे आणि पाच पीरबाबा बसल्यासारखे दिसू लागले. मी पाणी बदललं. गोगलगाई आणल्या, त्या काचेवर अशा निवांत चढायच्या, जणू यांनाच पेन्शन लागलीय. पुस्तकात लिहिलं होतं, खाणं कमी करा. मी माशांना दिवसाला एकच चिमूट देऊ लागलो.

शेवाळ दुप्पट!

"सरोज, तू तर काही घालत नाहीस ना यात?"

"मी? मी तुम्हाला वेळेवर घालते तेच पुष्कळ आहे!"

शेवटचा उपाय उरला, अंधार. दिवे बंद केले आणि मोरांची चादर टाकीवर घातली. अप्पाराव रविवारी येणार होते. तोपर्यंत उजेडावाचून शेवाळ मरणार आणि बिर्याणी त्यांच्या माथी बसणार!

रविवारी सकाळी नारायणगुड्याहून दही घेऊन परतलो, तर दाराबाहेर चपलांचा ढीग. आत धावलो. बिल्डिंगमधल्या बायका टाकीपुढे रांगेत उभ्या! सर्वांत पुढे वरच्या मजल्यावरच्या तारामतीबाई, डोक्यावर पदर.

"भाऊ, बरं झालं आलात," त्या कुजबुजल्या. "दर्शन कधी उघडणार?"

"कसलं दर्शन?"

माझी आई मोरांच्या चादरीचं टोक उचलून आत हात घालत होती. ओंजळीत कणकेच्या गोळ्या.

"आई!"

"ओरडू नको रे, मासे भितात. नवस आहे. बासरला गोदेत जाऊन माशांना गोळ्या घालायच्या, पण माझे गुडघे ऐकतात का आता? मासेच घरी आले, मग म्हटलं इथंच."

"कधीपासून?"

"आल्यापासून. आधी मी एकटीच होते. मग ह्या सगळ्या म्हणाल्या, आमच्याही घालू द्या. सगळ्यांचेच मालक त्या वाटणीत लटकलेत ना!"

"म्हणजे सगळ्यांना इथंच राहायचंय?"

"नक्को!" तारामतीबाई म्हणाल्या. "आमच्या ह्यांना तिकडे प्रमोशन मिळतंय. मी तिकडे जाऊ दे म्हणून घालते."

"अहो, मग माशांनी ऐकायचं कुणाचं?"

"दोन आहेत की!"

मी चादर ओढली. आत पावसाळी कुरण! मासे कणीक तोंडात घेत होते आणि थुंकत होते. थुंकलेलं सगळं शेवाळाच्या पोटात. मी तावातावानं वळलो. "आई, कशाला हे सगळं?"

आईनं ओंजळ मिटली. "तुला तिकडे पाठवलं तर? या वयात मी कुठं येऊ रे? सरोजची नोकरी इथं. माझी सगळी माणसं इथं. तू समुद्र समुद्र करत होतास, मला रात्री झोप नव्हती."

माझ्या हातातलं दही कलंडलं.

आणि बेल वाजली. अप्पाराव!

बायका बाजूला झाल्या. अप्पाराव बूट काढून टाकीपुढे उभे राहिले. मी मनातल्या मनात बिर्याणीच्या प्लेटा मोजायला लागलो. ते वाकले. त्यांच्या चष्म्यात हिरव्या दाढ्या डुलल्या.

"अय्यो," ते हळूच म्हणाले. "हाच. हाच तो! खडक असेच असतात. हिरवे. स्वच्छ समुद्र हॉटेलातल्या फोटोत असतो, गारू. हारलो मी!"

सरोजनं माझ्याकडे बघितलं. मी छाती फुगवली. काय करणार, सवय!

"बसा हो, पानं वाढते," आई म्हणाली.

पण अप्पाराव हलेनात. गोळ्यांकडे बघत राहिले. "अम्मा, हे कशासाठी?"

आईनं सांगितलं.

त्यांनी शर्टाची बाही वर सारली. "एक मला पण द्या."

"तिकडे लवकर जाऊ दे म्हणून का?" तारामतीबाईंनी उत्साहानं विचारलं.

"नक्को अम्मा. इथंच ठेव म्हणून."

"अहो, शेवाळ!" मी ओरडलो. तोंडानं ओरडलो, पण हातानं टाकीचं झाकण उचलून धरलं होतं, त्यांना नीट घालता यावं म्हणून.

अप्पारावांचा जन्म इथल्याच, हैदराबादच्या तारनाक्याच्या रेल्वे क्वार्टर्समधला. समुद्र त्यांनी एकदाच पाहिला आहे, लहानपणी, बसच्या खिडकीतून.