सॉफ्टवेअर, नग एक

मिनल दहावीत होती आणि शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत नुकतीच पहिली आली होती. त्यामुळे जगातलं कुठलंही काम आपल्याला जमतं, याबद्दल तिच्या मनात तिळभरही शंका उरली नव्हती. बाबांनी, म्हणजे नत्थूजींनी, आपल्या बिछायत केंद्राचं सॉफ्टवेअर बनवायला गौरांग नावाचा इंजिनियर शोधला आणि म्हणाले, "लिखापढी पक्की पायजे." कुणी विचारायच्या आत मिनल बोलली, "करार मी लिहिते. दहा मिनिटांचं काम आहे."

सात मिनिटांत लिहिलाही!

त्यांच्या दुकानातून लग्नाकार्याला खुर्च्या, गाद्या, सतरंज्या आणि माणूस उभा मावेल असे गंज, म्हणजे मोठाली पातेली, भाड्यानं जात. त्यामुळे घरात कराराचा एकच नमुना होता : गुलाबी पावतीपुस्तक. मिनलनं 'माल देणार' इथलं बाबांचं छापील नाव खोडून गौरांगचं लिहिलं. 'माल नेणार' समोर बाबांचं. मालाच्या रकान्यात वळणदार अक्षरात 'सॉफ्टवेअर, नग एक'. खाली बारीक अक्षरात चार अटी छापलेल्याच होत्या. त्या तिनं वाचल्या नाहीत. जन्मापासून रोज डोळ्यांसमोर असलेली गोष्ट कोण वाचतं? दोघांनीही झोकात सह्या ठोकल्या.

सॉफ्टवेअर झकास झालं. सगळ्या ऑर्डरी कॉम्प्युटरमध्ये गेल्या. "आता डायरीचं काय काम?" म्हणत मिनलनं जुनी डायरी त्याच दिवशी रद्दीवाल्याला देऊन टाकली.

आणि मग नत्थूजींनी पावती वाचली.

"अट तीन," ते गौरांगला म्हणाले. "कार्य उरकेपर्यंत माल देणाऱ्याचा एक माणूस मांडवात हजर राहील. उद्यापासून दुकानात येऊन बस."

"काका, हा मांडव आहे का?"

"लग्नसराई संपली नाही तोवर मांडवच आहे ना गा."

गौरांग गरीब स्वभावाचा. तीन आठवडे तो दुकानातल्या लाल खुर्चीत येऊन बसला. नत्थूजी त्याला कशासाठीही हाक मारत. कीबोर्डमध्ये चिवडा सांडला, गौरांग. पंखा कुईकुई करून राहिला, गौरांग. एकदा तर त्याला कामठीच्या ऑर्डरीची पातेली मोजायला बसवलं. मिनलची आई, म्हणजे शोभाताई, त्याला रोज पोहे द्यायची, म्हणून तो टिकला. पण त्याची बाकीची कामं अडली होती, आणि गुरुवारी दुपारी त्याची सहनशक्ती संपली.

"काका, माझं कार्य उरकलं. उद्यापासून मी येणार नाही."

"सराई संपू दे, मंग जा. अट तीन."

"मग मीही अट दोन सांगतो," गौरांग म्हणाला. आवाज शांत होता, कान मात्र लाल झाले होते. "कार्य उरकताच माल परत करावा. माल देणार मी. माझा माल मी परत नेतो."

त्यानं मोबाईलवर दोनदा बोट टेकवलं. कॉम्प्युटरच्या पडद्यावर एक कुलूप उमटलं, आणि त्याच्यामागे रविवारच्या अकरा लग्नांच्या ऑर्डरी गडप झाल्या. कोणाच्या घरी किती खुर्च्या, कोणत्या गावी किती गंज, सगळं आत! गौरांग पायऱ्या उतरून गेला.

मिनलनं पडद्यावरचं कुलूप तीनदा दाबून पाहिलं. करार तिचा, डायरी तिनं विकलेली, आणि रविवार तीन दिवसांवर.

"काही होत नाही," नत्थूजी म्हणाले, म्हणजे बरंच काही होणार होतं. "माह्या डोक्यात आहे सगळं. कामठीले दोनशे खुर्च्या."

"कामठीत कोणाकडे, बाबा?"

"ते डोक्यात नाही."

मग बापलेकीनं मोबाईलमधल्या नंबरांवर एकेक फोन लावायला सुरुवात केली. "नमस्कार, येत्या रविवारी तुमच्याकडे लग्न आहे का हो?" हिंगण्याच्या एका गृहस्थांनी सांगितलं की त्यांची मुलगी चौथीत आहे. सीताबर्डीच्या एका आजोबांनी थोडा विचार करून म्हटलं, "अजून तरी नाही. पण स्थळ असेल तर सांगा, मी एकटाच राहतो." सत्तावीस फोन झाले तेव्हा दोन ऑर्डरी सापडल्या होत्या. त्यातली एक बारशाची निघाली.

शुक्रवारी सकाळी नत्थूजींनी शेजारच्या मनोहररावांना बोलावलं. त्यांनी तीस वर्षं कोर्टात पेशकारी केली होती, त्यामुळे गल्लीतल्या नळावरच्या भांडणाचा निकालही तेच देत. गौरांगलाही निरोप गेला. तो आला, पण लाल खुर्चीत बसला नाही. उभाच राहिला.

मनोहररावांनी एकावर एक दोन चष्मे चढवून पावती वाचली. उलटी करून वाचली. उजेडात धरून वाचली.

"नत्थूजी, तुमचं बरोबर आहे," ते म्हणाले.

नत्थूजींनी मिशीवरून हात फिरवला.

"आणि याचंही बरोबर आहे. तीस वर्षांत असा करार पाहिला नाही. यात दोघंही जिंकून राहिले. लिहिला कोण्या वकिलानं?"

मिनल एकदम भिंतीवरचं कॅलेंडर वाचायला लागली.

"कोर्टात गेलात तर दहा वर्षं सहज चालेल," मनोहरराव कौतुकानं म्हणाले.

"आमच्याकडे उद्याचा दिवस आहे," मिनल हळूच म्हणाली.

तेवढ्यात दुकानासमोर हातठेला थांबला. काल संध्याकाळच्या कार्याचे गंज परत आले होते. शोभाताई पदर खोचून बाहेर गेली, एक झाकण उचललं आणि तिचा आवाज आत सगळ्यांच्या कानात शिरला. "काहून गा? कढी तशीच? हे मी घेणार नाही. पहिले रिकामं करा, मंग परत करा. कढी तुमची, गंज माहा."

मिनलनं मान वळवून गंजाकडे पाहिलं. मग तिनं मनोहररावांच्या हातातून पावती ओढली आणि चौथी अट आयुष्यात पहिल्यांदा वाचली. 'भांडी रिकामी करून, घासून परत करावीत.'

"गौरांगदादा," ती म्हणाली, आणि वक्तृत्व स्पर्धेतही तिचा आवाज इतका लागला नव्हता. "सॉफ्टवेअर तुझं. अटीप्रमाणे आम्ही ते परत करतो. पण तू दिलंस तेव्हा ते रिकामं होतं. आतल्या ऑर्डरी आमच्या. त्या बाहेर काढल्याशिवाय भरलेला गंज तुला परत कसा करायचा?"

बाहेर शोभाताई अजून कढीवरून भांडतच होती.

मनोहररावांनी वरचा चष्मा काढला. "पोरगी बरोबर बोलून राहिली."

गौरांगनं पावती घेऊन अट चार स्वतः वाचली. आणि मग तो असा हसत सुटला की त्याला लाल खुर्चीत बसावंच लागलं. "काका, तुमच्या ऑर्डरी मी कशाला ठेवू हो? काल रागात कुलूप लावलं. रात्रभर मलाच झोप नाही. पण फोन करायची लाज वाटत होती."

त्यानं कुलूप काढलं. प्रिंटर घरघरला आणि एकामागून एक अकरा कागद बाहेर पडले. मिनलनं ते दोनदा मोजले. कामठीच्या दोनशे खुर्च्या पाचव्या कागदावर होत्या, नाव-पत्त्यासकट! तिला त्या कागदाचा पापा घ्यावासा वाटला, पण शाई ओली होती.

"तुले जायचं कुठी आहे पण?" नत्थूजींनी विचारलं.

"कुठंच नाही, काका. सॉफ्टवेअर राहू द्या तुमच्याकडेच. मी फक्त रोज या खुर्चीत बसणार नाही. अडलं तर फोन करा, मी घरून करून देईन."

"एवढंच? मंग हे तीन आठवडे काहून नाही बोलला?"

"पोहे चांगले होते," गौरांग म्हणाला.

नत्थूजी मोठ्यानं हसले. शोभाताई आत आली आणि कुणाला काही न विचारता कढई चढवली. मनोहररावांनी कोऱ्या कागदावर चार साध्या ओळींचा नवा करार लिहिला. या वेळी दोघांनी तो आधी वाचला. मिनलच्या छातीवरून कुणी शंभर गाद्यांची थप्पी उचलावी तसं तिला हलकं वाटलं.

"आमच्या पोरीनं मामला मिटवला," नत्थूजी गल्लीत सांगत सुटले.

मिनल मात्र पोह्यांची बशी अर्धवट ठेवून सायकलवर बसली होती. शाळेच्या गॅदरिंगसाठी सोनिका मॅडम नाच शिकवायला येणार होत्या. सांस्कृतिक प्रमुख या नात्यानं त्यांच्याशीही तिनं पक्की लिखापढी केली होती, त्याच पुस्तकातल्या पुढच्याच पावतीवर. 'नृत्यशिक्षिका, नग एक.' आणि मॅडम ती आज दुपारी मुख्याध्यापकांना दाखवणार होत्या.

अट चार आठवून मिनलनं पायडल आणखी जोरात मारलं.