अकरा दाढा, एकही ओरखडा नाही

डॉक्टर प्रबुद्धच्या नारायणगावच्या दवाखान्यात त्या दिवशी अकरा जण आ करून बसले होते आणि पुण्याहून तपासणीला आलेल्या मॅडम एकेकाच्या तोंडात आरसा घालून बघत होत्या. दोन वर्षांपूर्वी, २००२ साली, प्रबुद्धने राजुरीच्या या अकरा जणांच्या उजव्या दाढांवर सिरॅमिकच्या नव्या कॅप फुकट बसवल्या होत्या. धातूचा कण नाही, आणि घडण त्याने स्वतः बेतलेली. त्या किती झिजतात यावर त्याचा शोधनिबंध होता. मॅडमची सही झाली, तरच तो परिषदेत वाचता येणार होता.

"ओरखडासुद्धा नाही!" मॅडम म्हणाल्या. "दोन वर्षं भाकऱ्या, हरभरे खाऊन?"

"डिझाइन, मॅडम," प्रबुद्ध होईल तितक्या नम्रपणे म्हणाला. ते त्याला फारसं जमलं नाही.

मॅडमना मात्र शंका आली. "मावशी, या बाजूनं काय काय खाता?" त्यांनी आक्काबाईंना विचारलं.

"ह्या बाजूनं?" आक्काबाई दचकल्याच. "काय बी नाय खात. एवढा भारी दात, त्यानं भाकरी चावायची व्हय?"

"मग चावता कशानं?"

"डावीकडनं. तिकडचं आपलं घरचंच हायेत."

"मी वापरतो की," खंडू म्हणाला. "लग्नाकार्यात. त्यो बी बुंदीपुरता."

"मी रोज पुसून ठिवतो," भिमाजीने सांगितलं.

घरात आलेलं नवं भांडं फडताळात वर जातं, तशा अकराच्या अकरा कॅप दोन वर्षं जपून ठेवलेल्या निघाल्या.

"पण असं सांगितलं कुणी?"

"डाक्टरांनीच की! बसवताना म्हणले, आक्का, पुण्यात असल्या एका दातापायी म्हैस इकावी लागंल."

प्रबुद्धचे कान तापले. म्हणाला होता तो, आणि एकदा नव्हे, अकरा वेळा. फुकट देतोय तर निदान मोल तरी कळावं, एवढाच मोह. आता लाजेने त्याला मान वर करवेना.

मॅडमनी डावी बाजू तपासली. दुप्पट काम करून तिकडच्या दाढा पार झिजल्या होत्या, भिमाजीची तर अर्धी उडाली होती. "झीज मोजायचीच तर इकडे भरपूर आहे," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पेनाला टोपण लावलं.

डॉक्टरचा उतरलेला चेहरा आक्काबाईंना बघवेना. आपल्यापायी पोराचं नुकसान झालं, याची त्यांनाच शरम वाटली.

"बाई, टोपण काढा," त्या म्हणाल्या. "दात पक्का हाये का न्हाई, आत्ता दावते."

खंडूने मॅडमसाठी आणलेल्या उसाचं एक कांडं त्यांनी उचललं आणि थेट उजव्या दाढेत धरलं.

"आक्का, नको!" प्रबुद्ध ओरडलाच. "कॅप तुटेल!"

मॅडम प्रबुद्धकडे बघत राहिल्या. आक्काबाईंनी मुकाट्याने कांडं उजवीकडून काढलं, डावीकडे घेतलं आणि सावकाश सोलायला लागल्या.